आधी भोक पाडायला शिका, प्रिंटर नंतर घ्या



थ्रीडी प्रिंटिंगच्या व्यवसायावर मी एखादा व्हिडिओ टाकला की पुढचे पंधरा दिवस मला एकच प्रश्न येतो. "सर, प्रिंटर कुठला घेऊ?" कुणी कंपनीचं नाव विचारतं, कुणी ईएमआय किती बसेल ते विचारतं, एकाने तर दुकानात उभं राहूनच फोन लावला होता. माझं उत्तर दरवेळी तेच असतं आणि दरवेळी समोरचा हिरमुसतो. मी म्हणतो, आधी कॉम्प्युटरवर एका पट्टीत बरोबर मापाचं, बरोबर जागी भोक पाडा आणि ती फाइल मला पाठवा. प्रिंटरचं मग बोलू.

लोकांना वाटतं सर चेष्टा करतायत. भोक काय, कुणीही पाडेल! पूर्वी मलाही असंच वाटायचं. आता मात्र माझं मत पक्कं झालंय. ते का झालं ते जरा सविस्तर लिहितो, कारण व्हिडिओच्या दहा मिनिटांत हे मावत नाही.

बघा, बाहेरचा आकार फुकट मिळतो. गणपती, मोर, फोन स्टँड, कुंडी, जे म्हणाल त्याचं तयार मॉडेल इंटरनेटवर पडलेलं आहे. तुमच्या तालुक्यातला दुसरा प्रिंटरवालाही तेच उतरवून घेतो, आणि मग तुम्ही दोघं पाच-पाच रुपयांनी भाव पाडत बसता. भोक मात्र तुमचं तुम्हालाच करावं लागतं. कारण भोक म्हणजे अशी जागा, जिथे तुमची वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तूला भेटते. स्क्रू, खिळा, कीचेनची रिंग, मॅग्नेट, वायर, बेअरिंग, पंख्याच्या रेग्युलेटरची दांडी. ती दुसरी वस्तू तुम्ही बनवलेली नसते. तिचं माप आधीच ठरलेलं असतं आणि ती तुमच्यासाठी पाव मिलिमीटरही सरकत नाही. रंग थोडा फिका निघाला तर गिऱ्हाईक चालवून घेतं. स्क्रू बसला नाही तर माल परत येतो.

दीडशे कीचेन

आपल्या एका जुन्या बॅचमध्ये सांगलीकडच्या एक ताई होत्या. दागिने गहाण ठेवून प्रिंटर घेतला होता, हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. पहिली मोठी ऑर्डर मिळाली एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची. दीडशे कीचेन, नग 35 रुपये, म्हणजे 5,250 रुपये. पहिल्या ऑर्डरचा आनंद काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. डिझाइन इंटरनेटवरून घेतलं, मध्ये शाळेचं बोधचिन्ह बसवलं. वर रिंगसाठी बाहेर काढलेला एक छोटा कान होता. कानाचं भोक 3 मिमीचं आणि भोकाभोवती उरलेली कड जेमतेम 1 मिमीची. स्क्रीनवर फार नाजूक, सुरेख दिसत होतं.

रिंग चढवायला बसल्या तेव्हाच पंधरा-वीस कान तुटले. स्टीलची रिंग दोन पदरी असते. ती नखाने उघडून चढवताना कानाला जो हिसका बसतो, तो पुढे कित्येक महिने खिशात राहूनही बसत नाही. उरलेल्या कीचेन दिल्या, त्यातल्या बऱ्याच महिन्याभरात परत आल्या. ताईंनी सगळ्या पुन्हा छापून दिल्या, पदरचं फिलामेंट घालून. शाळेने पुढच्या वर्षीची ऑर्डर ॲक्रिलिकवाल्याला दिली.

यात ना प्रिंटरचा दोष होता ना फिलामेंटचा. कान काढून टाकून पट्टीच्याच कोपऱ्यात 5 मिमीचं भोक, कडेपासून 3 मिमी जागा सोडून, आणि पट्टी 3 मिमी जाड, एवढं केलं असतं तर ती कीचेन आजही कुणाच्या तरी गाडीच्या किल्लीला लटकत असती. थोडा दोष मी माझ्याकडेही घेतो. त्या बॅचला मी मार्केटिंग शिकवलं होतं, फोटो कसे काढायचे ते शिकवलं होतं, व्हॉट्सॲप कॅटलॉग करून दिला होता. भोक शिकवलं नव्हतं.

टिंकरकॅडपासून सुरुवात करा

सुरुवातीला मी सगळ्यांना टिंकरकॅडच लावायला सांगतो. ऑटोडेस्क कंपनीचं आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. "ते तर शाळेतल्या मुलांचं आहे" असं नाक मुरडणारे असतात. त्यांनी खुशाल मोठं सॉफ्टवेअर शिकावं, माझं काही म्हणणं नाही. पण भोक म्हणजे नेमकं काय हे टिंकरकॅडइतकं उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

तिथे भोक ही एक वस्तूच असते. एक पट्टी ठेवा, समजा 50 बाय 30 आणि 3 मिमी जाड. मग एक सिलिंडर आणा (गॅसचा नव्हे हो) आणि त्याला 'होल' करा. तो राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा, अर्धवट पारदर्शक होतो. म्हणजे हा आता पदार्थ राहिला नाही, पोकळी झाली. त्याचा व्यास 5 मिमी करा, पट्टीत हवा तिथे सरकवा, दोन्ही निवडा आणि 'ग्रुप' दाबा. पोकळीने पट्टीतला तेवढा भाग खाऊन टाकला. झालं भोक.

एवढं दहा मिनिटांत जमतं. पुढच्या चुका मात्र प्रत्येक जण करतोच, म्हणून त्या इथे नीट लिहून ठेवतो.

पहिली म्हणजे सिलिंडर पट्टीच्याच उंचीचा ठेवणं. पट्टी 3 मिमी, सिलिंडरही 3 मिमी. दिसायला चोख वाटतं. पण तो केसभर जरी वर-खाली सरकला तर भोकाच्या तोंडाशी पातळ पापुद्रा राहतो. म्हणून आरपार भोक पाडायचं असेल तर सिलिंडर 10 मिमी उंच करा आणि तो पट्टीच्या वरही निघू दे, खालीही निघू दे. सुतार लाकूड आरपार भोसकताना खाली फळकूट ठेवतो आणि ड्रिल त्यातही थोडं घुसवतो, तसंच समजा.

दुसरी चूक जागेची. माउसने "साधारण मध्यावर" सरकवून चालत नाही. 'अलाइन' वापरा, नाहीतर कडेपासूनचं अंतर आकड्यात टाका. दोन भोकांची पट्टी असेल तर महत्त्वाचं माप म्हणजे दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजलेलं अंतर घेतलंत की भोकाचा व्यास बदलल्याबरोबर सगळं बिघडतं. गिऱ्हाइकाने जुना पार्ट दिला आणि त्यावरची दोन भोकं सारख्याच मापाची असली तर सोपी युक्ती आहे. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्याच कडेपर्यंत व्हर्नियरने मोजा. तेच मध्यांमधलं अंतर येतं.

तिसरी चूक ग्रुपची. 'ग्रुप' दाबला की त्या निवडीतल्या सगळ्या भरीव वस्तूंना पोकळी कापते. नावाची कीचेन करताना पट्टी, अक्षरं आणि भोक तिन्ही एकदम ग्रुप केलं आणि भोक अक्षराच्या शेजारी असलं की अक्षराचा लचका जातो. आधी पट्टी आणि भोक ग्रुप करा, मग त्यात अक्षरं मिसळा. नंतर आलेल्या वस्तूला आधीची पोकळी हात लावत नाही.

याच नियमाचा फायदाही आहे. तयार मॉडेल आणलंय, त्याचं भोक चुकीच्या मापाचं आहे, आणि ती फाइल आतून बदलता येत नाही. काळजी नको. जुन्या भोकात एक भरीव सिलिंडर बुच म्हणून बसवा, किंचित मोठा घ्या, मॉडेलबरोबर ग्रुप करा. भोक बुजलं. मग हवं ते नवीन भोक पाडा. सांगलीच्या ताईंना एवढं जरी माहीत असतं तरी त्यांची ऑर्डर वाचली असती.

गोल दिसतं ते गोल नसतं

आता जरा गणित, पण धंद्याचं गणित आहे, वाचा. टिंकरकॅडमधला सिलिंडर सुरुवातीला 20 बाजूंचा असतो. म्हणजे तुम्ही ज्याला वर्तुळ म्हणता तो खरं तर वीसकोन आहे. त्याचे कोपरे तुमच्या व्यासावर असतात, पण सपाट बाजू आत आलेल्या असतात. 5 मिमीच्या भोकात समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर 4.94 मिमी भरतं. ते चालून जाईल. पण 608 नंबरचं बेअरिंग बसवायचंय, ज्याचा बाहेरचा व्यास 22 मिमी असतो, तर तुमचं 22 मिमीचं भोक सपाट बाजूंमध्ये 21.73 मिमीचंच आहे. प्रिंटरने काही चूक करायच्या आधीच पाव मिमी गेला! सिलिंडरच्या बाजू 64 करा, हेच माप 21.97 वर येतं. एक स्लायडर सरकवायचा असतो फक्त. कित्येक जण महिनोन् महिने प्रिंटरला शिव्या देत बसतात आणि हा स्लायडर त्यांनी कधी बघितलेलाच नसतो.

त्यानंतर प्रिंटर स्वतःची भर घालतोच. वळणावर वितळलेलं प्लास्टिक आतल्या बाजूला ओढलं जातं, थंड होताना ते थोडं आकसतं, पहिला थर बेडवर दबून पसरतो. सगळ्याचा परिणाम एकाच दिशेने होतो, भोक लहान. माझ्या मशीनवर 5 चं भोक साधारण 4.8 निघतं. तुमच्या मशीनवर वेगळं निघेल. स्लायसरमध्ये भोकं फुगवायची सेटिंग असते, क्युरातही आहे आणि बांबू स्टुडिओतही. पण नवख्या माणसाने आधी तिच्या नादी लागू नये असं मला वाटतं. ती फाइलमधल्या सगळ्या भोकांना लागू होते, कुठलं भोक घट्ट हवं आणि कुठलं सैल हे तिला कळत नाही. ते तुम्हालाच कळायला हवं, आणि मॉडेलमध्येच उतरायला हवं.

घट्ट आणि सैल यांचे आकडे पाठ करा. एम3 चा स्क्रू आरपार मोकळा जायला हवा असेल तर भोक 3.4, एम4 ला 4.5, एम5 ला 5.5. हे इंजिनिअरिंगमधले नेहमीचे मध्यम मापाचे आकडे आहेत, धातूच्या कामातही हेच वापरतात. यावर तुमच्या मशीनची तूट चढवा. माझ्याकडे 0.2 ची तूट येते, म्हणून मी एम4 साठी 4.7 काढतो.

"सर, नंतर ड्रिल मारू की!"

हा युक्तिवाद मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. एकच नग असेल, भोक आधीच काढलेलं असेल आणि फक्त 0.2 मिमीने मोठं करायचं असेल तर हाताने बिट फिरवा, मीही फिरवतो. पण मॉडेलमध्ये भोकच ठेवायचं नाही आणि भरीव पार्टला नंतर ड्रिल मारायचं, याला माझा ठाम विरोध आहे. कारण ऐका.

प्रिंट केलेला पार्ट आतून भरीव नसतोच. बाहेरून दोन-तीन पदरांची भिंत आणि आत जाळी, बहुतेक जण 15 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. मॉडेलमध्ये भोक असलं की स्लायसर त्या भोकाभोवतीही भिंतीचे पदर घालतो. स्क्रू आवळला तर तो ताण ती गोल भिंत घेते. नंतर ड्रिल मारलंत तर बिट थेट जाळीत घुसतं. भोकाभोवती भिंत नाही, आत सगळं पोकळ. स्क्रू आवळला की वॉशर आत रुतत जातो. शिवाय पीएलए साधारण 60 अंशांनाच मऊ पडायला लागतं. जोरात फिरणारं बिट तापलं की प्लास्टिक वितळून त्यालाच चिकटतं. दोनशे नगांना ड्रिल मारत रात्र काढलेला एक मुलगा मला माहीत आहे. त्याला नफा किती झाला ते विचारलं, तर म्हणाला, "सर, मजुरी धरायची का?"

पार्ट बेडवर कसा ठेवता यावरही भोक अवलंबून असतं. भोक उभं असेल, म्हणजे विहिरीसारखं वर तोंड करून, तर गोल छान येतं. तेच आडवं असेल, बोगद्यासारखं, तर छताला आधार नसतो आणि ते लोंबतं. 3-4 मिमीच्या भोकाला फरक पडत नाही, पण 10-12 मिमीच्या आडव्या भोकाला वर टोक काढून थेंबाचा आकार द्या. टिंकरकॅडमध्ये सोपं आहे. सिलिंडरच्या त्रिज्येएवढ्या बाजूचा चौकोनी होल घ्या, 45 अंशात फिरवा आणि त्याचा खालचा कोपरा वर्तुळाच्या मध्यावर आणा. वरचं टोक आपोआप तयार होतं आणि छत तिरकं वर जातं, लोंबत नाही. तो कीचेनचा कान उभा करून छापला तर काय होतं तेही यातच आलं. थर आडवे बसतात, ओढ वरच्या दिशेने, आणि पापडाचे पदर सुटावेत तसा कान सुटतो.

जिथे पैसा आहे ती भोकं

कीचेनमध्ये आता गर्दी झालीय, स्पष्टच सांगतो. त्यातल्या त्यात मला तीन कामं बरी वाटतात, आणि तिन्ही भोकांचीच आहेत.

एक, फ्रिज मॅग्नेट. यात आरपार भोक नसतं, तळ राखून पाडलेला खड्डा असतो. 6 मिमी व्यासाचं, 2 मिमी जाडीचं मॅग्नेट बाजारात सहज मिळतं. खड्डा 6.2 व्यासाचा, 2.2 खोल घ्या, आणि मॅग्नेटच्या वर निदान 1 मिमी माल उरेल एवढी वस्तू जाड ठेवा. सिलिंडर होल आरपार न नेता हवा तेवढाच आत घुसवायचा. फेविक्विकचा एक थेंब पुरतो. जास्त झालं तर ते बाहेर येऊन पांढरे डाग पडतात.

दोन, बटणं. जुन्या मिक्सरचं, कूलरचं, पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण तुटतं, कंपनीने मॉडेल बंद केलेलं असतं, आणि चांगली वस्तू अडगळीत पडते. आजूबाजूच्या चार इलेक्ट्रिक दुरुस्तीवाल्यांना भेटलात तर त्यांच्याकडे अशी कामं पडलेली असतात. बटणाचं बाहेरचं रूप कसंही असू दे, सगळा जीव आतल्या भोकात. दांडी बहुधा इंग्रजी डी अक्षरासारखी असते, गोलाची एक बाजू सपाट केलेली. असं भोक कसं करायचं? उलट विचार करा. आधी दांडीच भरीव बनवा. रेग्युलेटरची दांडी बऱ्याचदा 6 मिमी व्यासाची आणि सपाट बाजूने 4.5 मिमीची असते, पण तुमच्या हातातली मोजून घ्या. 6 चा सिलिंडर घ्या, चौकोनी होलने त्याची एक बाजू कापा, ग्रुप करा. आता तुमच्याकडे भरीव डी आहे. त्या आख्ख्या ग्रुपलाच 'होल' करा! टिंकरकॅड तेही करू देतं. मापं 0.2 ने वाढवा आणि बटणात घुसवा. ही एक युक्ती आली की चौकोनी, षटकोनी, कसलंही भोक येतं. फक्त गॅसच्या शेगडीची बटणं घेऊ नका. वर 60 अंशांचं लिहिलंय ते आठवा. दीडशे रुपयांसाठी तो धोका नको.

तीन, मराठी नावाच्या पाट्या. आरपार कापलेली अक्षरं आणि मागे एलईडीची पट्टी, संध्याकाळी फार सुंदर दिसतं. पण इथे इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलेले हमखास आपटतात. आरपार कापलेलं अक्षर म्हणजे अक्षराच्या आकाराचं भोक. अक्षराच्या आत बंद जागा असेल तर तो तुकडा कशालाच जोडलेला राहत नाही, सुटा पडतो. इंग्रजीत ओ, ए, डी अशा काही अक्षरांनाच हा त्रास आहे. आपल्या लिपीत शिरोरेघेमुळे तो जास्त होतो. प बघा. खालून गोलाई, बाजूला काना आणि वरून शिरोरेघेचं झाकण, आतला भाग बंद. म तसंच, ष तसंच. व आणि ब च्या पोटात तर बंद जागा असतेच. "पवार निवास" कापायला घेतलंत तर प चं पोट, दोन्ही व ची पोटं आणि स मधलाही काही भाग फाँटनुसार खाली पडणार.

उपाय जुनाच आहे. ट्रकवर आणि खोक्यांवर स्टेन्सिलने नाव मारणारे पेंटर करतात तोच. आतल्या तुकड्यापासून बाहेरपर्यंत एक बारीक पूल ठेवायचा. मी नाव इंकस्केपमध्ये टाइप करतो, त्याचं पाथमध्ये रूपांतर करतो, एसव्हीजी म्हणून टिंकरकॅडमध्ये आणतो आणि त्याला होल करतो. ते पाटीत ग्रुप केलं की तुकडे सुटे दिसतात. मग 1.5 मिमी रुंदीच्या भरीव पट्ट्या जिथे डोळ्याला खुपणार नाहीत तिथे टाकून त्यांना बाहेर जोडतो. पूल कुठे ठेवायचा ही नजरेची गोष्ट आहे. शिरोरेघ तोडून ठेवला तर अक्षर ओळखू येतं पण शब्द तुटल्यासारखा वाटतो. मला विचाराल तर प ला खालच्या गोलाईत पूल द्यावा आणि शिरोरेघ अखंड ठेवावी. एखादा सुलेखन करणारा माणूस ओळखीचा असेल तर त्याला चहाला बोलवा आणि दाखवून घ्या.

टिंकरकॅडच्या पुढे

कधीतरी टिंकरकॅड अपुरं पडतं. गिऱ्हाईक म्हणतं, भोक 4 चं नको, 6 चं करा, आणि तशी आठ भोकं आहेत. अशा वेळी फ्रीकॅड शिकायला घ्या. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. पूर्णपणे फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही अडकाठी नाही. तिथे तुम्ही कागदावर काढल्यासारखं वर्तुळ काढता, व्यास आणि कडेपासूनचं अंतर आकड्यांनी बांधता, आणि आरपार कापता. उद्या आकडा बदलला की भोक बदलतं. स्क्रूचा नंबर निवडला की माप स्वतः घेणारं वेगळं 'होल' साधनही आहे, चपट्या डोक्याच्या स्क्रूसाठी वरचा उतारही तेच काढतं. फ्यूजनही उत्तम आहे, पण त्याची फुकट आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे. बिलं फाडायला लागलात की अटी वाचून घ्या. डाउनलोड केलेल्या मॉडेलचंही तसंच. अनेकांवर "व्यावसायिक वापर नाही" असं लिहिलेलं असतं, आणि भोक तुम्ही बदललंत म्हणून मॉडेल तुमचं होत नाही.

ब्लेंडरबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मूर्ती, चेहरे, सजावट यासाठी त्याला तोड नाही. तिथेही बुलियन मॉडिफायरने भोक पडतं, 'डिफरन्स' निवडायचं. पण मॉडेलची जाळी कुठे उघडी असेल किंवा दोन पृष्ठभाग एकावर एक बसले असतील तर भोकाऐवजी भलतंच काहीतरी दिसतं, आणि नवखा माणूस दोन दिवस यूट्यूबवर उत्तर शोधतो. स्क्रूची भोकं शिकायला ब्लेंडर घेऊ नका. रेझिनच्या मूर्ती करणाऱ्यांना ते लागेल, तर त्यांच्यासाठी एकच सांगतो. मूर्ती आतून पोकळ केलीत तर तळाला दोन भोकं ठेवाच, 3 मिमीची तरी. एकातून रेझिन निथळतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. भोक नाही ठेवलं तर कच्चं रेझिन आतच राहतं आणि महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या शोकेसमध्ये मूर्ती तडकून गळायला लागते.

आता फाइल पाठवायचं ते काम. 100 बाय 20 ची, 3 मिमी जाड पट्टी करा. तिच्यात 3.0, 3.2, 3.4, 3.6, 4.5, 5.0 आणि 6.2 अशी सात भोकं पाडा, 64 बाजूंची, मध्यांमध्ये 13 मिमी अंतर. प्रत्येकाखाली त्याचा आकडा कोरा, आणि एका टोकाला टांगायला आठवं भोक. प्रिंटर नसेल तर जवळच्या प्रिंटवाल्याकडून काढून घ्या, वीसेक मिनिटांत होते. मग व्हर्नियरने प्रत्येक भोक मोजा आणि खरं माप वहीत लिहा. एम3 चा स्क्रू, कीचेनची रिंग आणि 6 चं मॅग्नेट घालून बघा. कुठलं घट्ट, कुठलं सैल तेही लिहा. फिलामेंटची कंपनी बदलली की पट्टी पुन्हा काढायची.

सांगलीच्या ताईंनी अशी पट्टी प्रिंटरशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवलीय. दोन फिलामेंटच्या दोन पट्ट्या, एक काळी, एक पांढरी. परवा फोनवर सांगत होत्या की गावातला एक मोटर रिवाइंडिंगवाला आता त्यांच्याकडून कूलरची बटणं नेतो, महिन्याला चाळीस-पन्नास. येताना नेहमी जुनी दांडी खिशात घेऊन येतो, आणि मापासाठी आधी त्या पट्टीतच घालून बघतो.